वाचकांचे प्रश्न : उत्तरेच्या तळ्याकाठी, मोटारहोमने

आम्ही बडोद्याच्या चौघा मित्रांनी फिनलंडच्या उत्तर भागात, इनारी सरोवराच्या परिसरात मोटारहोममधून, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून, अकरा दिवस जो प्रवास केला, त्याचा वृत्तांत गेल्या अंकात प्रसिद्ध झाल्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रांतील मजकूर जागेअभावी थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : आम्ही सहा मित्र महाराजा सयाजीराव विद्यापीठात एकत्र शिकलो आणि आता सगळेच निवृत्त झालो आहोत. येत्या जुलैत बारा दिवसांसाठी एक मोठे मोटारहोम भाड्याने घेऊन हेलसिंकीहून निघावे, इनारीमार्गे नॉर्वेतील नॉर्डकॅपपर्यंत जावे आणि हेलसिंकीला परतावे, असा बेत आहे. फिनलंडमध्ये निसर्गात कोठेही मुक्काम करण्याचा हक्क सर्वांना आहे असे समजले, म्हणून मुक्कामाच्या जागा आधी ठरवलेल्या नाहीत. जे तळे आवडेल त्याच्या काठी गाडी उभी करणार आहोत. बेत कसा वाटतो?
— एक वाचक, सयाजीगंज

उत्तर : मनापासून सांगायचे तर या बेतात मला तीन गोष्टी खटकतात, आणि तिन्ही निघण्यापूर्वीच सुधारता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट अंतराची. हेलसिंकी ते इनारी हे अंतर रस्त्याने सुमारे १,१५० किलोमीटर आहे, म्हणजे बडोद्याहून दिल्ली गाठण्यापेक्षाही काहीसे अधिक. नॉर्डकॅप धरून जाण्यायेण्याचे मिळून सुमारे ३,००० किलोमीटर होतात. बारा दिवसांत एवढे अंतर कापता येते, परंतु मग तळे खिडकीतून दिसते आणि मागे पडते. फिनलंडमध्ये सुमारे १,८८,००० तळी आहेत. हिमयुगातील बर्फाच्या थरांनी सरकताना खडक खरवडून जे खळगे केले, त्यांत बर्फ वितळल्यावर ही तळी साठली आहेत. त्यांपैकी एकाच्याही काठी आपण सलग तीन दिवस राहिला नाहीत, तर एवढ्या लांब जाऊन काय मिळवले, असा प्रश्न परतल्यावर आपल्यालाच पडेल. आम्ही स्वतः पहिल्या चार दिवसांत ही चूक केली. रोज सायंकाळी नवी जागा शोधायची, गाडी समतल करायची, पाणी भरायचे, स्वयंपाक उरकायचा आणि सकाळी सगळे पुन्हा आवरायचे. पाचव्या दिवशी आमच्यातील सर्वांत शांत मित्राने किल्ली खिशात घातली आणि आता दोन दिवस ती मिळणार नाही असे सांगितले. प्रवास खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाला.

म्हणून माझी सूचना अशी आहे की हेलसिंकीहून रात्रीच्या रेल्वेने रोवानिएमीला जावे आणि मोटारहोम तेथेच भाड्याने घ्यावे. हे शहर आर्क्टिक वृत्ताला लागूनच आहे. तेथून इनारी सुमारे ३२५ किलोमीटर आहे. वाटेत सारिसेल्क्याच्या डोंगराळ भागात दोन रात्री, इनारीच्या आसपास चार रात्री आणि सेवेत्तियार्वीच्या बाजूला दोन रात्री, एवढे पुरे आहे. नॉर्डकॅप या खेपेला सोडून द्यावे. इनारीहून तेथे जायला एक पूर्ण दिवस आणि परतायला दुसरा जातो, शिवाय ते समुद्राकाठचे ठिकाण आहे. आपले पत्र तर तळ्यांविषयी आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. युरोपात साध्या मोटारीच्या, म्हणजे बी वर्गाच्या परवान्यावर एकूण ३,५०० किलोपर्यंतचेच वाहन चालवता येते, आणि भाड्याची बहुतेक मोटारहोम या मर्यादेच्या आतली असतात. एकूण वजन म्हणजे गाडी, माणसे, सामान, पाणी आणि गॅस हे सगळे धरून. मोठ्या गाडीचे रिकामे वजनच ३,००० किलोच्या आसपास असते. सहा प्रौढ माणसांचे साडेचारशे किलो आणि भरलेल्या टाकीतील शंभर लिटर पाण्याचे शंभर किलो धरले, तर बॅगा आणि शिधा ठेवण्यापूर्वीच मर्यादा ओलांडली जाते. तेव्हा तिघांमागे एक अशी दोन लहान वाहने घ्यावीत. खर्च वाढेल हे खरे, पण एक वाहन अडले तर दुसरे मदतीला असते, आणि जेथे पुढचे गाव पन्नास-साठ किलोमीटरवर असते तेथे या सोयीचे मोल फार आहे. एकाच गाडीचा आग्रह असल्यास बिछान्यांची संख्या न विचारता सीटबेल्टची संख्या विचारावी, कारण सहा बिछाने असले म्हणजे सहा सीटबेल्ट असतातच असे नाही. चालकाच्या डोक्यावरच्या बिछान्यावर शिडीने चढावे लागते, हेही साठीच्या गुडघ्यांनी आधी विचारात घ्यावे.

आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागेल; तो आपल्या आरटीओ कार्यालयातून मिळतो आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, दिवसाही दिवे लावावे लागतात आणि वेगमर्यादा बरीच ओलांडल्यास दंडाची रक्कम चालकाच्या उत्पन्नावर ठरते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सर्वांच्या हक्काविषयी आपण ऐकलेत ते खरे आहे, पण तो हक्क पायी, सायकलने, स्कीवर किंवा होडीने फिरणाऱ्यांचा आहे. कोणाच्याही रानातून चालत जावे, बेरी आणि अळंबी खुडावीत, घरांपासून अंतर राखून रात्रीपुरता तंबू ठोकावा, एवढे त्यात बसते. रस्ता सोडून वाहन रानात किंवा काठावर नेणे त्यात बसत नाही. त्यासाठी जमीनमालकाची परवानगी लागते. शेकोटीचेही तसेच आहे. वणव्याचा इशारा लागू असेल तेव्हा उघड्यावर शेकोटी पेटवण्यास पूर्ण मनाई असते आणि एरवीही ती नेमलेल्या जागीच पेटवावी. सरकारी जंगलांची व्यवस्था पाहणाऱ्या मेत्साहाल्लितुस या संस्थेने जागोजागी तीन बाजूंनी बंद लाकडी निवारे आणि शेकोटीच्या जागा बांधल्या आहेत. तेथे अनेकदा सरपणही ठेवलेले असते. वाहनासाठी मात्र कॅम्पिंगच्या जागा किंवा मनाईची पाटी नसलेले रस्त्याकडेचे थांबे वापरावेत.

हा नियम मला जाचक वाटला नाही, आणि त्याचे कारण सांगायला हवे. जे रान आपल्याला निर्मनुष्य वाटते ते मोकळे पडलेले नाही. इनारी तालुक्याचे क्षेत्रफळ सुमारे १७,००० चौरस किलोमीटर आणि वस्ती सुमारे ७,००० आहे. आपल्या एकट्या बडोदे शहरात २०११ च्या जनगणनेत १६ लाखांहून अधिक लोक होते. पण त्या सात हजारांमध्ये या प्रदेशातील मूळ रहिवासी असलेले सामी लोक आहेत, ज्यांचे पूर्वज या तळ्यांवर मासे धरत आणि रेनडिअर पाळत आले. इनारी गावातील सीदा संग्रहालयात अर्धा दिवस काढावा. काय पाहत आहोत हे त्यानंतर समजू लागते. फिनलंडमधील सामी संसदही याच गावात, सायोस या इमारतीत आहे. सरोवरातील तीन हजारांहून अधिक बेटांपैकी उकोनकिवी हे खडकाळ बेट सामींसाठी पवित्र आहे. ते होडीतून पाहावे. त्यावर उतरू नये. आपल्याकडच्या देवराईत आपण जसे वागतो, तसे वागले म्हणजे झाले. रस्त्यावर दिसणाऱ्या प्रत्येक रेनडिअरलाही मालक असतो आणि त्याची खूण जनावराच्या कानावर कापलेली असते. एक रेनडिअर रस्ता ओलांडून गेला की लगेच वेग वाढवू नये, कारण त्याच्या मागून पिल्लू किंवा सगळा कळप येतो. धडक बसलीच तर ११२ क्रमांकावर कळवणे बंधनकारक आहे.

प्रश्न : आमच्या घरातील तिघी बहिणी आणि एक मैत्रीण अशा चौघी जाण्याच्या विचारात आहोत. चौघीही शाकाहारी आहोत, दोघींचे एकादशी आणि संकष्टीचे उपास असतात. घरचे तूप, श्रीखंडाच्या वड्या, पेढे, ताजा कढीपत्ता आणि मसाले बरोबर न्यावेत असे ठरवत आहोत. आणखी काय घ्यावे?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : ताई, पहिल्या चार जिनसा घरीच ठेवा. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास तेथे बंदी आहे, आणि त्यात तूप, पेढे व श्रीखंडाच्या वड्या येतात. ताज्या पानांना आणि बहुतेक ताज्या फळभाज्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, म्हणून ताजा कढीपत्ताही नको. विमानतळावर डबे उघडून टाकून द्यावे लागले की मन फार खट्टू होते. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, पोहे, भाजलेला रवा, मुगाची डाळ, साबुदाणा, वरी, दाण्याचा कूट आणि कोरड्या चटण्या खुशाल न्या.

तुपाची सोय तेथेच होते. दुकानातून बिनमिठाचे लोणी घ्यावे. वेष्टनावर ‘सुओलातोन’ हा शब्द पाहावा, कारण पुष्कळसे लोणी खारवलेले असते. मंद आचेवर अर्ध्या तासात उत्तम तूप कढते. श्रीखंडाची सोय तर आणखी सोपी आहे. तेथे ‘राहका’ नावाचा दह्याच्या चक्क्यासारखा पदार्थ प्रत्येक किराणा दुकानात मिळतो. बिनगोडाचा, साधा राहका घेतला, त्यात पिठीसाखर मिसळून फेटले आणि वेलची घातली की चक्का टांगून ठेवण्याची गरजच राहत नाही. वेलची तेथे कशी मिळणार, अशी शंका आम्हालाही होती. पण फिनिश लोक पुला नावाच्या आपल्या गोड पावात वेलची घालतात, त्यामुळे ती लहान गावातल्या दुकानातही होती. आमच्या मित्राने रात्री साडेअकरा वाजता, डोंगरामागे न जाता तळ्यावरून आडवा सरकणाऱ्या सूर्याच्या उजेडात, स्टीलच्या पातेल्यात ते श्रीखंड फेटले. त्यावर त्याने नुकत्याच खुडलेल्या पिवळ्या क्लाउडबेरी घातल्या. ही बेरी जुलैच्या अखेरीस पाणथळ जमिनीत पिकते आणि तिची आंबटगोड चव श्रीखंडाला इतकी जुळते की केशराची आठवण आली नाही.

ओटा दोन किंवा तीन शेगड्यांचा असतो. मोहरीची फोडणी देताना छताची झडप उघडावी, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो; पहिल्या दिवशी आमच्याकडे तो तीनदा वाजला. स्वयंपाकाच्या शेगडीने गाडी कधीही गरम करू नये. बंद जागेत विषारी वायू साठून जीव जाऊ शकतो. उबेसाठी गाडीचा स्वतःचा हीटर असतो. घरून इंडक्शन शेगडी नेऊ नका. कॅम्पिंगच्या जागी विजेची जोडणी मिळते, पण रस्त्याकडेच्या थांब्यावर गाडीची बॅटरी एवढा भार पेलत नाही.

संकष्टीविषयी एवढेच सांगते की त्या दिवसांत तेथे सूर्य मावळत नाही, आणि लख्ख उजेडात चंद्र दिसेलच असा भरवसा नाही. माझ्या आईने मला निघताना जे सांगितले होते तेच आपल्याला सुचवते: बडोद्याच्या पंचांगातील चंद्रोदयाची वेळ धरावी आणि नैवेद्य दाखवून उपास सोडावा.

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते. त्यांच्या मित्रांनी अशा प्रवासाला येण्याचा आग्रह धरला आहे. मला काळजी वाटते, पण त्यांचे मन मोडावेसे वाटत नाही. पाठवावे का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : डॉक्टरांची संमती असेल तर पाठवावे, आणि काळजीचे रूपांतर तयारीत करावे. त्या भागात इव्हालो येथे आरोग्य केंद्र आणि औषधाचे दुकान आहे. मोठे रुग्णालय मात्र रोवानिएमीत, म्हणजे इव्हालोहून जवळजवळ २९० किलोमीटरवर आहे. म्हणून मुक्काम इव्हालो-इनारीच्या परिसरातच ठेवावेत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. आधीपासून असलेला आजार त्यात धरला आहे का, हे त्या कागदावर स्वतः वाचून पाहावे. इन्सुलिन दुप्पट घ्यावे, दोन वेगळ्या पिशव्यांत विभागावे, विमानात हातातल्या सामानातच ठेवावे, आणि डॉक्टरांची इंग्रजीतील चिठ्ठी सोबत असावी.

आता मोटारहोममधील फ्रिजविषयी, कारण हे सहसा कोणी सांगत नाही. या गाड्यांतील पुष्कळसे फ्रिज गॅसवर, गाडीच्या बॅटरीवर आणि बाहेरच्या विजेवर असे तिन्ही प्रकारे चालतात. त्यांत कॉम्प्रेसर नसतो, द्रव उष्णतेने आणि उताराने फिरतो, म्हणून गाडी तिरकी उभी असेल तर फ्रिज नीट गार होत नाही. आमचा एक मित्र प्रत्येक मुक्कामी ओट्यावर ताटलीत बोटभर पाणी ओतून ठेवत असे आणि पाणी एका काठाला सरकले की चाकाखाली पाचर सरकवायला लावत असे. दोन-तीनदा गाडी पुढेमागे घ्यावी लागे, पण इन्सुलिन एकदाही तापले नाही. ते बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. आत एक छोटा तापमापक ठेवावा.

वडिलांच्या फोनमध्ये ११२ चे फिनिश ॲप घालून द्यावे. त्यावरून फोन केल्यास आपले ठिकाण आपोआप कळते, आणि ‘अमुक तळ्याच्या काठी’ एवढेच सांगता येणाऱ्या माणसाला तेथे याचा केवढा आधार असतो. वाटेत साखर उतरल्यास हाताशी असावी म्हणून ग्लुकोजची पाकिटे चालकाच्या शेजारी ठेवावीत, वरच्या कपाटात नव्हेत. सॉनानंतर, म्हणजे तापवलेल्या खोलीत बसून घाम काढल्यावर, तळ्यात उडी घेण्याची तेथे पद्धत आहे. इनारी सरोवरावरचा बर्फ साधारण जूनच्या सुरुवातीला वितळतो आणि जुलैतही खोल पाणी फार थंड असते. वडिलांनी या उडीपासून दूर राहावे, आणि हे त्यांच्या मित्रांनाही आपण स्पष्ट सांगावे.

प्रश्न : संकोच वाटतो, पण विचारते. शौचालयाची व्यवस्था कशी असते आणि ती साफ कोणी करायची?
— एक वाचक, रावपुरा

उत्तर : संकोचाचे कारण नाही, मित्रांमध्ये खटके उडतात ते बहुधा याच प्रश्नावरून. शौचालयाखाली सुमारे वीस लिटरची एक पेटी असते. ती बाहेरच्या दारातून ओढून काढायची, चाकांवरून नेमलेल्या ठिकाणी न्यायची, रिकामी करायची आणि धुऊन औषध घालून परत बसवायची. चौघांत ती दोन दिवसांत भरते. पहिल्याच दिवशी पाळी ठरवावी आणि कागदावर नावे लिहून तो कागद दारामागे चिकटवावा. चालकाला माफी असे आमच्याकडे प्रथम ठरले होते, आणि त्यामुळे तिसऱ्या दिवसापर्यंत सगळेच चालक होऊ पाहत होते. मग माफी रद्द केली.

ही पेटी रानात, तळ्याकाठी किंवा निवाऱ्यांजवळच्या कोरड्या शौचालयांत ओतू नये. त्या शौचालयांतील मैला नैसर्गिक रीतीने कुजतो आणि पेटीतले औषध ती क्रिया थांबवते. भांडी घासलेल्या पाण्याचेही तेच. त्याची वेगळी टाकी गाडीखाली असते आणि तिचा नळ नेमलेल्या जागीच उघडायचा असतो. एका सकाळी आमचा हा नळ अर्धवट उघडा राहिला आणि साबणाच्या पाण्याची पांढुरकी ओळ दगडांमधून तळ्याच्या दिशेने निघाली. ती काठावर पोहोचण्याआधी आम्ही माती ओढून अडवली, पण त्या स्वच्छ पाण्यासमोर आम्हा चौघांना जे वाटले ते मी विसरलेली नाही. निघताना आणि थांबताना तो नळ हाताने तपासणे हे तेव्हापासून माझे काम झाले.

प्रश्न : जुलैत डास फार असतात असे वाचले. सप्टेंबरमध्ये जाणे बरे का?
— एक वाचक, मकरपुरा

उत्तर : मध्यरात्रीचा सूर्य पाहायचा असेल तर मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतच जावे लागेल, आणि जूनच्या अखेरीपासून डास सोसावे लागतील. त्यांच्यामुळे मलेरियाची भीती नाही, पण त्यांची संख्या आपल्या कल्पनेपलीकडची असते. डोक्यावरून घ्यायची जाळी बडोद्यातूनच शिवून न्यावी. अंधार नसल्याने झोप येत नाही, त्यासाठी खिडक्यांचे जाड पडदे नीट बसतात का ते गाडी घेतानाच पाहावे. त्याच वेळी गाडीचे आतूनबाहेरून फोटोही काढावेत. आम्ही ते केले नाही, आणि आधीच पडलेल्या एका ओरखड्याचे पैसे आमच्या अनामत रकमेतून कापले गेले.

मला स्वतःला पुन्हा जायचे झाले तर मी सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडीन. डास संपलेले असतात, बर्चची पाने पिवळी आणि जमिनीलगतची झुडपे तांबडी होतात, आणि रात्री पुन्हा काळोख्या झाल्यामुळे आकाश निरभ्र असल्यास ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. मात्र रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, म्हणून गॅस प्रोपेनच असल्याची खात्री करावी. ब्यूटेनचा वायू शून्याच्या सुमारास होईनासा होतो, प्रोपेनचा उणे चाळीसपर्यंत होत राहतो. माझे एक नातेवाईक गेल्या सप्टेंबरात तेथे होते. गॅस वाचवण्यासाठी त्यांनी रात्री हीटर बंद केला आणि सकाळी नळाला पाणीच नव्हते. पाणी तापवणाऱ्या भांड्याला गोठण्यापासून वाचवणारी एक झडप असते. तापमान तीन अंशांच्या आसपास उतरले की ती आपोआप उघडते आणि भांड्यातले पाणी खाली सोडते. त्यांचा पंप चालूच राहिला होता, म्हणून पाठोपाठ सगळी टाकीही रिकामी झाली, आणि चहाचे पाणी आणायला त्यांना कळशीएवढे भांडे घेऊन तळ्यावर जावे लागले. थंडीच्या रात्री हीटर मंद चालू ठेवावा, आणि झोपण्यापूर्वी पंपाचे बटण बंद करावे.